स्नायूंचे हातउसने

मनुष्याने शारीरिक बळाची स्पर्धा मांडली तेव्हापासून बळ पोटात घालून वाढविता येईल काय, या प्रश्नाने त्याचा पिच्छा पुरविला आहे; आणि या प्रश्नाचे उत्तर आपल्याच बाटलीत आहे असे छातीठोकपणे सांगणाऱ्या वैद्यांची, हकिमांची आणि अलीकडच्या काळात कारखानदारांची परंपराही तितकीच जुनी आहे. व्यायामशाळांच्या फळ्यांवर आज जे रंगीबेरंगी डबे ओळीने मांडलेले दिसतात, त्यांतील बहुसंख्य द्रव्यांच्या गुणांची नि:पक्षपातीपणे तहकिकात केली, तर हाती फारसे काही लागत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ साली पूरक द्रव्यांविषयी जे मतैक्यपत्र प्रसिद्ध केले, त्यात खेळातील कामगिरीवर प्रत्यक्ष परिणाम करतात असा सबळ पुरावा असलेली द्रव्ये मोजून पाच निघाली: कॅफीन, नायट्रेट, बीटा-ॲलॅनिन, आपल्या स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा, आणि क्रिएटिन. या पाचांतही क्रिएटिनाची हकिकत सर्वांत मनोवेधक आहे, कारण हे द्रव्य कोणी जंगलातून शोधून आणलेले नाही किंवा प्रयोगशाळेत नव्याने घडविलेले नाही. ते प्रत्येकाच्या मांडीत, दंडात आणि हृदयात आधीपासूनच आहे. ते बाहेरून थोडे अधिक घातल्याने होणारा लाभ खरा आहे, परंतु तो फार अरुंद आहे, आणि त्या अरुंदपणाची कल्पना नसल्यामुळेच त्याच्याविषयीच्या अवास्तव आशा आणि अवास्तव धास्ती या दोन्ही फोफावल्या आहेत.

मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली मांसाच्या अर्कातून हे द्रव्य प्रथम वेगळे केले. (या गृहस्थाने स्वतः एकशेदोन वर्षांचे आयुष्य भोगले; क्रिएटिन विकणाऱ्यांच्या जाहिरातींत याचा उल्लेख अद्याप कसा आला नाही, याचे नवल वाटते.) पुढे १८४७ साली जर्मनीतील प्रख्यात युस्टुस फोन लीबिग याने ते अनेक सस्तन प्राण्यांच्या मांसात असल्याचे दाखविले, आणि त्याच ओघात एक विलक्षण निरीक्षण नोंदविले: शिकारी कुत्र्यांनी पाठलाग करून मारलेल्या कोल्ह्याच्या मांसात, पिंजऱ्यात बसून खाणाऱ्या कोल्ह्याच्या दहापट क्रिएटिन सापडते. दहापट हा आकडा आजच्या मोजमापांशी जुळणारा नाही. पण स्नायूंचे श्रम आणि हे द्रव्य यांचा काही निकटचा संबंध असावा, हे त्यातून निघालेले अनुमान मात्र अचूक ठरले. लीबिगच्या नावाने १८६५ साली मांसार्काची कंपनी निघाली, उरुग्वेतील फ्राय बेंतोस येथे तिचा कारखाना उभा राहिला, आणि तो दाट तपकिरी अर्क अशक्तांस शक्ती देणारा म्हणून युरोपभर खपला. त्या अर्कात क्रिएटिन होते, यात शंका नाही. दुबळ्या रोग्याला त्याचा किती उपयोग झाला असेल, हा प्रश्न निराळा.

यानंतर शंभराहून अधिक वर्षे या द्रव्याकडे शास्त्रज्ञ पाहत होते ते खेळाडूंच्या दृष्टीने नव्हे. १९१२च्या सुमारास हार्वर्डमध्ये ओटो फोलिन आणि विली डेनिस यांनी मांजरांना क्रिएटिन खाऊ घातले, तेव्हा त्यातील बराच भाग मूत्रावाटे परत मिळेना. तो स्नायूंतच मुरत होता. १९२६ साली चॅनुटिन याने माणसांवर तोच प्रयोग केला आणि तोच निष्कर्ष आला. म्हणजे स्नायूंना खाऊ घातलेले क्रिएटिन साठविता येते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकाच्या सुमारासच दप्तरी दाखल झाली होती. ते साठवून स्नायू काय करतो, एवढेच कोणाला ठाऊक नव्हते.

ते उमगले एका भारतीयाच्या चिकाटीमुळे. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हे मद्रासला वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२३ साली बॉस्टनला गेले आणि पुढे हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्या हाताखाली शरीरद्रव्यांतील फॉस्फरस मोजण्याच्या कामास लागले. १९२५ साली या दोघांनी सिद्ध केलेली पद्धत अशी होती की, तपासावयाच्या द्रावणात आम्ल व मॉलिब्डेट घालून मग ठराविक द्रव्याने त्याचा निळा रंग उमटवावयाचा, आणि रंगाच्या गडदपणावरून फॉस्फेटचे प्रमाण ठरवावयाचे. रक्तात ही पद्धत बिनचूक चाले. स्नायूचा अर्क घेतला की मात्र रंग जेवढ्या वेगाने चढावयास हवा तेवढ्या वेगाने चढेना. तो जणू पुरवून पुरवून चढे. दुसऱ्या कोणी अर्क अशुद्ध आहे म्हणून नळी ओतून दिली असती. फिस्क आणि सुब्बाराव यांनी त्या विलंबाचाच पाठपुरावा केला, आणि त्यांच्या ध्यानात आले की अर्कात फॉस्फेटचा एक असा संयोग आहे, की जो त्या आम्लात हळूहळू विस्कटतो व विस्कटताना आपले फॉस्फेट मोकळे करतो. तो संयोग म्हणजेच फॉस्फोक्रिएटिन. १९२७ साली त्यांनी हा शोध जाहीर केला; त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फिलिप व ग्रेस एगलटन या दांपत्यालाही स्वतंत्रपणे तेच द्रव्य गवसले. स्नायूंचे सर्व बळ दुग्धाम्लाच्या उत्पत्तीतून येते ही जी उपपत्ती तोवर राज्य करीत होती, आणि जिच्याशी निगडित संशोधनास १९२२चे नोबेल पारितोषिकही लाभले होते, तिचा पाया या शोधाने खचला. आणि १९३० साली डेन्मार्कच्या लुन्ड्सगार्ड याने दुग्धाम्ल मुळीच तयार होऊ न देताही स्नायू आकुंचन पावतो, व त्या वेळी खर्ची पडते ते फॉस्फोक्रिएटिन, हे दाखवून तिच्यावर शेवटचा घाव घातला.

आता हा व्यवहार मुळात कसा चालतो ते पाहू. स्नायूच्या प्रत्येक आकुंचनासाठी शक्ती पुरविणारे द्रव्य एकच, ते म्हणजे एटीपी. त्याचा एक फॉस्फेट गळून पडतो, त्यातून शक्ती मोकळी होते, आणि उरलेले द्रव्य पुन्हा फॉस्फेट मिळाल्यावाचून निरुपयोगी राहते. गंमत अशी की, ज्याच्यावाचून बोटही हलणार नाही त्या एटीपीचा स्नायूतील साठा पूर्ण जोराच्या धावेत दोन-तीन सेकंदांपुरताच असतो. तो सतत भरून काढण्याच्या तीन तजविजी शरीराने केल्या आहेत. पहिली म्हणजे फॉस्फोक्रिएटिन: हे आपला फॉस्फेट एका क्षणात, एका पायरीत देऊन टाकते. गावात ज्याला हातउसने म्हणतात तसा हा व्यवहार आहे. कागद नाही, व्याज नाही, भिंतीपलीकडून हाक मारली की रक्कम हाती पडते, आणि सवड होताच तितकीच परत करावयाची असते. मात्र शेजाऱ्याजवळ असून असून किती असणार! दुसरी तजवीज म्हणजे साठविलेल्या शर्करेचे प्राणवायूवाचून होणारे विघटन. तो सावकार आहे, देतो पुष्कळ, पण लिखापढी करून देतो आणि वर आम्लाचे व्याज लावतो. तिसरी म्हणजे प्राणवायूच्या साह्याने शर्करा व मेद जाळणे. ती सरकारी तगाई, रक्कम मोठी आणि दीर्घ मुदतीची, परंतु मंजूर होऊन हाती येईपर्यंत शंभर मीटरची शर्यत संपून गेलेली असते. हातउसन्याची सारी शिल्लक जिवापाड जोर लावला असता सुमारे दहा सेकंदांत संपुष्टात येते. थांबून श्वास घेतला की ती पुन्हा भरू लागते. निम्मी भरण्यास साधारण अर्धे मिनिट लागते, आणि जवळजवळ पूर्ण भरण्यास तीन ते पाच मिनिटे. दोन उचलींच्या मध्ये पहिलवान जो दम खातो, त्याचे शास्त्र एवढेच आहे.

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या देहात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असते, त्यातील ९५ टक्के स्नायूंत, आणि त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग फॉस्फोक्रिएटिनाच्या रूपात. रोज त्यातील दोनेक ग्रॅमचे क्रिएटिनिन होऊन ते मूत्रावाटे निघून जाते. तितकेच भरून यावयास हवे, म्हणून निम्मे यकृत व मूत्रपिंडे मिळून घडवितात आणि निम्मे मांस-मासळीतून येते. एक किलो कच्च्या मांसात ते चार-पाच ग्रॅम असते, हेरिंगसारख्या माशात त्याहून अधिक, आणि दुधात किलोमागे जेमतेम एक दशांश ग्रॅम. कोल्हापूरच्या तालमींतील खुराकाकडे या नजरेने पाहिले तर मौज वाटते. बदामाची थंडाई, तूप आणि चरवीभर दूध यांनी पठ्ठ्यांची शरीरे कमावली गेली हे खरे; पण ती मेदाची आणि प्रथिनांची पुण्याई होती; क्रिएटिनाच्या हिशेबात चार लिटर दूध रिचवूनही अर्धा ग्रॅम पदरात पडत नाही. ते पदरात पडत असे ते मटणाच्या वाडग्यातून. शुद्ध शाकाहारी माणसाच्या स्नायूंत याचा साठा मांसाहाऱ्यापेक्षा कमी असतो, आणि म्हणूनच बाहेरून घेतलेल्या क्रिएटिनाचा गुण त्याला अधिक येतो. डब्यातील भुकटी शाकाहाऱ्याला चालते काय, अशी शंका पुष्कळजण विचारतात. ती चालते, कारण ती मांसातून काढीत नाहीत, तर सार्कोसिन आणि सायनामाइड या दोन रसायनांच्या संयोगातून कारखान्यात बनवितात.

स्नायूचा जिवंत तुकडा हाती येईपर्यंत हे सर्व माणसाच्या बाबतीत अनुमानाचेच होते. १९६०नंतर स्वीडनमध्ये बर्गस्ट्रोम आणि हुल्टमन यांनी मांडीच्या स्नायूत पोकळ सुई घालून त्यातून काही मिलिग्रॅम मांस काढण्याची रीत रूढ केली. जागा बधिर करून कातडीवर लहानशी चीर द्यावयाची, सुई आत घालून तिच्या खिडकीत आलेला तुकडा कापून घ्यावयाचा, आणि तत्क्षणी द्रवरूप नायट्रोजनात बुडवावयाचा. क्षणभर विलंब झाला तरी हे नाजूक द्रव्य विस्कटू लागते आणि सारे माप फसते. या सुईच्या जोरावर रॉजर हॅरिस, कारिन सोडरलुंड आणि एरिक हुल्टमन यांनी १९९२ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला, ज्याच्यामुळे कित्येक दशके कपाटात पडलेले ज्ञान मैदानात उतरले. हॅरिस हे मूळचे शर्यतीच्या घोड्यांच्या स्नायूंचे अभ्यासक. इंग्लंडातील न्यूमार्केट ही त्यांची कर्मभूमी. त्यांनी निरोगी माणसांना दिवसातून चार ते सहा वेळा पाच-पाच ग्रॅम क्रिएटिन दिले, म्हणजे एकेका वेळेस एक किलोहून अधिक कच्च्या मांसात असते तेवढे. काही दिवसांत मांडीच्या स्नायूतील साठा वाढला, आणि ज्यांचा मुळात कमी होता त्यांचा तर कोठे कोठे ५० टक्क्यांपर्यंत वाढला. काहींना रोज तासभर एकाच पायाने व्यायाम करावयास लावले, तेव्हा श्रम केलेल्या पायाने विसावलेल्या पायापेक्षा अधिक क्रिएटिन शोषून घेतले. एकाच माणसाचे दोन पाय, एकच रक्त, एकच मात्रा, आणि तरी फरक! शिवाय साठ्याला एक कमाल मर्यादा आहे, हेही येथेच दिसून आले. भांडे भरले की वरचे सारे मूत्रावाटे वाहून जाते.

त्याच वर्षी बार्सिलोनाचे ऑलिंपिक झाले. शंभर मीटर जिंकणारा लिनफर्ड क्रिस्टी आणि चारशे मीटर अडथळ्यांची विजेती सॅली गनेल हे ब्रिटिश खेळाडू क्रिएटिन घेत होते असे तेथील वृत्तपत्रांत छापून आले, आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेत त्याचे डबे विक्रीस आले. एगलटन दांपत्याने शोधलेल्या द्रव्याला जे नाव दिले होते, तेच ‘फॉस्फाजेन’ हे नाव त्या डब्यावर होते. क्रिस्टीच्या ९.९६ सेकंदांच्या एकाच धावेचे श्रेय या भुकटीला देणे मात्र तिच्या स्वभावास सोडून आहे. एकदाच धावून संपणाऱ्या शर्यतीत तिचा गुण अल्प व अनिश्चित दिसतो. तिचा खरा गुण दिसतो तो पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या जोराच्या प्रयत्नांत, दोन प्रयत्नांमध्ये विसावा थोडा असताना. पहिली धाव सर्वांची सारखीच होते. चौथी, पाचवी, सहावी धाव ज्याची कमी मंदावते, त्याच्या स्नायूंत शिल्लक अधिक असते.

या गुणाचा उपयोग सामन्यापेक्षा सरावात अधिक होतो, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. समजा एखादा गडी ठराविक वजन आठ वेळा उचलून खाली ठेवतो, नववी उचल त्याला साधत नाही. भरलेल्या स्नायूंनी ती नववी साधते, कधी दहावीही. त्या दिवशी यातून विशेष काही निष्पन्न होत नाही; पण प्रत्येक फेरीत एक-दोन उचली अधिक, याप्रमाणे तीन महिने गेले म्हणजे श्रमाची जी बेरीज होते, तिचे फळ बळाच्या रूपाने दिसते. रॉसन आणि व्होलेक यांनी २००३ साली २२ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. वजनाचा व्यायाम करून केवळ खोटी भुकटी घेणाऱ्यांचे बळ सरासरी १२ टक्क्यांनी वाढले होते, आणि क्रिएटिन घेणाऱ्यांचे २० टक्क्यांनी. बारा टक्के व्यायामाचे आणि आठ भुकटीचे, हे प्रमाण डबे विकत घेणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. व्यायाम न करणाऱ्याला या आठातील फारसे काही मिळत नाही.

लांब पल्ल्याच्या धावपटूचा अनुभव उलटा आहे. स्वीडनमध्ये बाल्सम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली तरबेज धावपटूंना क्रिएटिन देऊन सुमारे सहा किलोमीटर रानवाटेने पळविले, तेव्हा त्यांचा वेग वाढण्याऐवजी घटला. कारण साधे आहे. क्रिएटिन स्नायूत शिरताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते आणि पहिल्या आठवड्यातच वजन एक-दोन किलोंनी चढते. आरशासमोर उभा राहणारा नवखा तरुण याला मांस समजून हर्षित होतो. ते बहुतांशी पाणी असते. धावपटूला ते ओझे प्रत्येक पावलागणिक वाहावे लागते. वजनी गटात लढणाऱ्या मल्लाची तर मोठीच पंचाईत होते: ज्या द्रव्याने झटापटीत दम टिकतो, तेच तराजूवर त्याला वरच्या गटात ढकलते. कबड्डीच्या चढाईपटूला मात्र हे द्रव्य मानवण्यासारखे आहे; तीस सेकंदांची चढाई, तीत पाच-सहा सेकंदांची खरी झुंज, मग विसावा, मग पुन्हा चढाई, हा क्रम फॉस्फोक्रिएटिनाच्या स्वभावाशी तंतोतंत जुळतो. तथापि सर्वांनाच गुण येतो असे नाही. घेणाऱ्यांपैकी सुमारे पाचांत एकाचे भांडे मुळातच जवळजवळ भरलेले असते, आणि त्याचे पैसे मोरीत जातात.

घेण्याची रीत दोन प्रकारची. पाच-सहा दिवस रोज २० ग्रॅम चार भागांत घ्यावयाचे आणि नंतर रोज तीन ते पाच ग्रॅमवर यावयाचे, याला जिमच्या बोलीत ‘लोडिंग’ म्हणतात. परंतु हुल्टमन यांनीच १९९६ साली दाखविले की, रोज केवळ तीन ग्रॅम घेत राहिले तरी अठ्ठावीस दिवसांत स्नायू तितकेच भरतात. लोडिंगचा आग्रह दुकानदारच अधिक धरतात, यात आश्चर्य नाही. डबा लवकर रिता होतो. ही भुकटी थंड पाण्यात नीट विरघळत नाही. लिटरभर पाण्यात चौदा ग्रॅमच्या आसपासच तिची विद्राव्यता, म्हणून पेलाभर पाण्यात चमचा ढवळून प्यायले की तळाशी वाळूसारखा गाळ राहतो, आणि पुष्कळजण तो तसाच टाकून मात्रा पूर्ण झाल्याचे समाधान मानतात. गाळात पुन्हा घोटभर पाणी घालून तो पिऊन टाकावा, किंवा पाणी कोमट घ्यावे. सकाळी कालविलेले दिवसभर बाटलीत ठेवू नये, कारण ते हळूहळू क्रिएटिनिनमध्ये बदलत जाते. बाजारात हायड्रोक्लोराइड, एथिल एस्टर वगैरे नवनवी महागडी रूपे येत असतात. साध्या मोनोहायड्रेटापेक्षा सरस असे त्यांतील एकही सिद्ध झालेले नाही, आणि एथिल एस्टर तर कमीच पडले.

आता फिर्यादींकडे वळू. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण मल्ल सुमारे महिन्याभराच्या अंतरात दगावले, आणि संशय क्रिएटिनावर आला. चौकशीअंती उघड झाले ते असे की, वजन उतरविण्यासाठी ते रबरी पोशाख घालून तापलेल्या खोल्यांत व्यायाम करीत होते व पाणी पीत नव्हते. मृत्यू उष्णतेने आणि निर्जलीकरणाने ओढवले होते. पुढल्या वर्षी मूत्रपिंडाचा विकार आधीच जडलेल्या एका तरुणाची हकिकत ‘लॅन्सेट’मध्ये आली, आणि क्रिएटिन मूत्रपिंडे खाते ही समजूत तेव्हापासून जी रुजली ती आजही व्यायामशाळांत, आणि क्वचित दवाखान्यांतही, अंमल गाजवीत आहे. ब्रसेल्समध्ये पूर्टमन्स यांनी काही वर्षे क्रिएटिन घेणाऱ्या निरोगी खेळाडूंची मूत्रपिंडे तपासली आणि त्यांत बिघाड आढळला नाही. घोटाळा चाचणीच्या स्वरूपात आहे. मूत्रपिंडांचे काम आपण रक्तातील क्रिएटिनिनवरून ताडतो. क्रिएटिन अधिक खाणाऱ्याचे, तसेच स्नायू भरदार असणाऱ्याचे क्रिएटिनिन सहजच थोडे चढे येते, आणि अहवालावर आकड्यापुढे ठळक खूण पाहून घरची मंडळी हवालदिल होतात. रक्त देण्यापूर्वीच डॉक्टरांना भुकटीविषयी सांगितले, तर ते सिस्टॅटिन-सी या दुसऱ्या चाचणीने निकाल करू शकतात. ज्याची मूत्रपिंडे खरोखरच आजारी आहेत, त्याने मात्र या वाटेस वैद्यकीय सल्ल्यावाचून जाऊच नये. टक्कल पडण्याची जी भीती पसरली आहे, तिचे मूळ २००९ सालच्या दक्षिण आफ्रिकेतील रग्बी खेळाडूंवरच्या तीन आठवड्यांच्या एका लहानशा प्रयोगात आहे; तेथे टक्कल पडण्याशी संबंध जोडल्या जाणाऱ्या एका संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले आढळले, केस कोणी मोजलेच नव्हते.

खरी जोखीम डब्यातील क्रिएटिनात नसून त्याच डब्यात नकळत आलेल्या दुसऱ्या कशात तरी असू शकते. जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेच्या निषिद्ध यादीत क्रिएटिन नाही. परंतु जर्मनीतील कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतून खरेदी केलेले ६३४ पूरक पदार्थ तपासले, तेव्हा त्यांतील ९४ मध्ये, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्क्यांत, वेष्टनावर उल्लेख नसलेली निषिद्ध संप्रेरकसदृश द्रव्ये सापडली. असे घडते ते एकाच यंत्रावर आधी दुसरे काही भरले गेल्याने, किंवा गुण चटकन यावा म्हणून कोणी मुद्दाम मिसळल्याने. खेळाडूच्या मूत्रात असे द्रव्य निघाले की ते कोठून आले याचा खुलासा करण्याची जबाबदारी सर्वस्वी त्याची असते, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब शिक्षा फार तर सौम्य करू शकते. यासाठी राज्य वा राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांना जाणकार वस्ताद आता सांगू लागले आहेत, की एकाच घटकाचा, तुकडीगणिक तपासणी झालेला डबा घ्यावा, पावती व तुकडी क्रमांक वहीत टिपून ठेवावा, आणि डबा संपत आला म्हणजे तळाची चार-पाच चमचे भुकटी त्याच डब्यात झाकण घट्ट लावून वर्षभर तरी जपून ठेवावी. सुनावणीत दाखविण्यास तेवढाच पुरावा हाती असतो.